आमच्या विहिरीतले अकरा जंतू

नागपुरात खामल्याच्या पुढे आमची सुखनिवास सोसायटी आहे. एका ओळीत बांधलेली घरं, प्रत्येक घराच्या अंगणात स्वतःची विहीर, आणि विहिरीबद्दल मालकाला पोटच्या पोरांपेक्षा जास्त अभिमान. या सगळ्या विहिरींमध्ये मिळून फक्त अकरा जंतू आहेत आणि ते अकराच्या अकरा माझ्या विहिरीत राहतात, असं अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात छापून आलं. मी स्वतः जंतुशास्त्रज्ञ आहे. सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करतो. ही बातमी ज्या कागदावरून छापली तो कागद ज्या कॉम्प्युटरनं काढला, त्या कॉम्प्युटरचा प्रोग्रामही मीच लिहिला होता. म्हणजे चोर, पंचनामा करणारा हवालदार आणि ज्याच्या घरी चोरी झाली तो, असे तिघेही मीच.

झालं असं, की होळीच्या सुमारास आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. मागवला कोणी, कशासाठी, हे कोणालाच माहीत नव्हतं. पण आला म्हटल्यावर नारळ फोडला, हार घातला, आणि तो ठेवायला एक खोली रिकामी करून तिला एअरकंडिशनर बसवला. साहेबांच्या स्वतःच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. नागपूरचा उन्हाळा ज्यानं अंगावर काढला आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. रंगपंचमीच्या आत साहेबांचं टेबल कॉम्प्युटरच्या खोलीत गेलं. मागोमाग फायली गेल्या, फायलींमागे हेडक्लार्क गेले, आणि भेटायला येणारी माणसंही एकदा बसली की उठेनाशी झाली.

आता इतक्या थंड खोलीचं काही कारण कागदोपत्री दाखवायला हवं होतं. साहेबांनी विचारलं, "हे यंत्र कोणाला चालवता येतं?" मी संध्याकाळच्या एका क्लासला जाऊन बेसिक नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकलो होतो. मी हात वर केला. माणसानं आयुष्यात केव्हा हात वर करू नये, याचं शिक्षण कुठल्याच क्लासला देत नाहीत.

तरी माझी कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो. आमचं काम असं, की गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटलीत भरून येतं. त्यातलं थोडंसं आम्ही काचेच्या चपट्या बशीत, जंतूंना आवडणाऱ्या खाद्यावर ओततो आणि बशी उबेत ठेवतो. जंतू असला की तिथे ठिपका उगवतो. ठिपके मोजायचे, आकडा रजिस्टरात लिहायचा. अशी रजिस्टरं छतापर्यंत गेलेली. कुहीकडच्या विहिरी गेल्या उन्हाळ्यापेक्षा सुधारल्या की बिघडल्या, एवढं कोणी विचारलं तरी आम्ही आठवडाभर धूळ खात बसायचो. मी म्हटलं, हे सगळे आकडे कॉम्प्युटरात घालू. गाव, विहीर, तारीख, जंतू. बटण दाबलं की चांगल्या विहिरी वर, वाईट खाली, अशी यादी छापून बाहेर.

साहेब म्हणाले, "उत्तम. पण ते बटणांचं टकटक मला दुपारी सहन होत नाही. तुम्ही आधी कागदावर लिहा."

त्यामुळे जगातला बहुधा पहिलाच असा प्रोग्राम मी जुन्या रजेच्या अर्जांच्या पाठीवर, पेन्सिलीनं, बाहेरच्या व्हरांड्यात घाम पुसत लिहिला. तो साठवायला फ्लॉपी मागवली तर स्टोअरकीपरनं ती आधी ताब्यात घेतली. सरकारी मालावर नंबर पाहिजे, हा त्यांचा धर्म. खुर्च्यांवर घालतात तसा त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं फ्लॉपीवर ठसठशीत नंबर घातला, आणि वाळायला उन्हात ठेवली. दुसऱ्या फ्लॉपीच्या वेळी मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

इकडे सोसायटीत बातमी पोचली होती. रोज संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून खुर्च्या टाकल्या की माझ्याभोवती सभा भरू लागली. रुपरावजी हे आमचे निवृत्त तलाठी, मूळचे कुहीकडचे, अजून शेती राखून असलेले. त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"काय गा मधुभाऊ, थ्या कम्प्युटरले विचारून पाह्य ना, औंदा धानाले भाव काय भेटते?"

"रुपरावजी, तो भविष्य सांगत नाही. आपण आकडे घालायचे, तो हिशेब करून देतो."

"मंग आपनच घालाचं अन आपनच पाह्याचं? त्याच्यात त्याचं काय मोठं?"

ओळीच्या मध्यावर राहणाऱ्या यमुताई वयानं सगळ्यांत वडील, आणि सोसायटीतल्या बायकांच्या हायकोर्ट. त्यांनी आपल्या गुडघेदुखीचं कॉम्प्युटरला विचार म्हणून सांगितलं. आमच्या अगदी शेजारचे मनोहरराव अकाउंट्स ऑफिसात. ते म्हणाले, "हे यंत्र एक दिवस तुमची नोकरी खाईल. आणि चुकलं तर जबाबदार कोण?"

इथे मी छाती पुढे काढून जे वाक्य बोललो ते मला पुढे पंधरवडाभर सगळ्या सोसायटीनं परत ऐकवलं. मी म्हणालो, "मनोहरराव, माणूस चुकतो. कॉम्प्युटर चुकत नाही."

प्रोग्राम तयार झाला आणि आकडेच मिळेनात. जुनी रजिस्टरं ऑडिट पार्टीनं ताब्यात घेतली होती आणि पार्टी पचमढीला हवा खायला गेली होती. तेवढ्यात साहेबांचा हुकूम आला, की मुंबईहून मोठे साहेब येणार, त्यांना यादी छापून दाखवायची. आकडे आणायचे कुठून? मी म्हटलं, आपल्याच सोसायटीच्या विहिरी काय वाईट? निर्जंतुक केलेल्या बाटल्या घरोघरी देऊन ठेवल्या.

ही चूक होती. विहिरीची परीक्षा आहे म्हटल्यावर प्रत्येक घर मुलाच्या मॅट्रिकला लागावं तसं कामाला लागलं. यमुताईंनी माझी निर्जंतुक बाटली राखेनं घासून लख्ख केली आणि पाण्यात तुळशीचं पान सोडलं. मनोहररावांनी पाणी तुरटी फिरवून, गाळून, वर थोडं गंगाजल घालून दिलं. रुपरावजींच्या बाटलीला गुलाबाचा वास येत होता. मी सगळ्या बाटल्या ओतून टाकल्या आणि रविवारी स्वतः दोर घेऊन दारोदार फिरलो. तेव्हापासून माझ्यावर अविश्वासाचा ठराव होताच.

बशांमधले ठिपके मोजायचं आणि आकडे कॉम्प्युटरात टाकायचं काम मी आमचा प्रयोगशाळा सहायक गिरिधर याच्यावर सोपवलं, कारण मी यादीच्या वर सरकारी मथळा मधोमध कसा येईल या काळजीत होतो. गिरिधर हळू आवाजात, कारण साहेब झोपले होते, म्हणाला, "सर, रजिस्टरात बऱ्याच ठिकानी आकडा नाही, इंग्रजी अक्षरं हायेत. तसंच टाकू काय?"

"रजिस्टरात जे आहे ते टाक," मी म्हटलं. "कॉम्प्युटर समजून घेतो."

मोठे साहेब आले. मी बटण दाबलं. छपाईचं यंत्र करकरलं आणि कागद बाहेर आला. ओळीनं सगळ्या विहिरींपुढे शून्य. पहिला नंबर मनोहररावांच्या विहिरीचा, त्याखाली रुपरावजी, यमुताई आणि बाकी सगळे. शेवटच्या ओळीत माझं नाव. त्यापुढे अकरा.

खरं सांगायचं तर एवढी शून्यं पाहून मला जरा शंका आली. उन्हाळ्यात, इतक्या आटलेल्या विहिरी आणि शून्य? पण मोठ्या साहेबांनी कागद हातात घेऊन "वंडरफुल!" म्हटलं, आमच्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि कोपऱ्यात एक वार्ताहर माझ्या नावाचं स्पेलिंग विचारत होता. आपलं नाव छापून येणार म्हटलं की शंका जरा मागच्या बाकावर जाऊन बसते.

बातमी आली ती अशी: सुखनिवास सोसायटीच्या विहिरी जंतुमुक्त, संगणकाचा निर्वाळा. खाली सगळी यादी. मी दाढी करत होतो. माझी बायको तारा पेपर घेऊन मोरीच्या दारात उभी राहिली.

"अहो, हे अकरा कोणाचे?"

"म्हणजे काय, तसे अकरा म्हणजे काही फार नाहीत. शास्त्रीय दृष्टीनं..."

"बाकीच्यांचे शून्य आणि आपले अकरा? घरात जंतूंचा डॉक्टर असून?"

मी डॉक्टर नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती.

सोसायटीत आनंदीआनंद झाला. मनोहररावांनी पेपरातलं कात्रण काचेच्या चौकटीत लावलं. यमुताईंनी सत्यनारायण घातला. आणि मला पाहिलं की सगळ्यांचा चेहरा सुतकाला आल्यासारखा व्हायचा. रुपरावजींनी शोध लावला, की मी ऑफिसातून रोज कपड्यांवर जंतू घेऊन येतो आणि विहिरीवर हातपाय धुतो, म्हणून हे झालं. "तू काहून विहिरीवर आंग धुतं गा? थ्ये सरकारी जंतू हायेत, थ्ये सरकारातच राहू दे ना बाप्पा." त्यांची नात आमच्याकडे खेळायला यायची, ती यायची बंद झाली. दूधवाला कॅन खाली न ठेवता उंचावरून दूध ओतू लागला.

हेही मी गिळलं असतं. पण चैत्र सुरू होता.

आमच्याकडे चैत्रात घरोघरी गौर झोपाळ्यात बसते, आणि मंगळवारी किंवा शुक्रवारी हळदीकुंकू होतं. कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हं. कैरी उकडलेली असली तरी पन्ह्याचं पाणी विहिरीचं, माठात गार केलेलं, कच्चंच. तारेचं पन्हं ही सोसायटीतली मानाची गोष्ट होती. लग्न होऊन आली त्या वर्षी यमुताईंनी तिच्या हातचा दुसरा पेला मागून घेतला होता, तेव्हापासून तिला या ओळीत जागा मिळाली असं ती मानायची. या वर्षी शुक्रवार शेजारच्या शोभाताईंचा, म्हणजे मनोहररावांच्या घरचा, आणि त्यानंतरचा मंगळवार आमचा ठरला होता.

एका सकाळी यमुताई फाटकाबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "तारा, यंदा पन्हं राहू दे हो. नुसती डाळ कर. तीही कोरडीच कर. बायका काय, येऊन जातील उभ्याउभ्या."

तारेनं मान डोलावली. घरात आली, आणि पितळी पातेलं शेगडीवर ठेवून पाणी उकळायला लागली. त्या दिवसापासून आमच्या घरात प्यायचं, चुळा भरायचं, गौरीच्या निरांजनाची वाटी विसळायचं, सगळं पाणी उकळून गाळून. एप्रिलातल्या नागपुरात आम्ही गरम पाणी पीत होतो. मी एकदा म्हणालो, "अगं, इतकं काही नको." ती म्हणाली, "मंगळवारी कोणी आलं नाही तर मी पुन्हा या सोसायटीत हळदीकुंकू करणार नाही. सांगून ठेवते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून मला माझ्या प्रोग्रामचा पहिल्यांदा राग आला.

बाकी सोसायटीनं मात्र उलट केलं. उन्हाळा आला की कोणी पाणी उकळायचे, कोणी तुरटी फिरवायचे, कोणी विहिरीत ब्लीचिंग टाकायचे. आता सरकारी शून्य मिळाल्यावर कशाला? सगळं बंद झालं. थेट विहिरीतून लोटा भरायचा आणि घटाघट प्यायचा.

चार दिवसांत सोसायटीतली माणसं अंगणातल्या सभेतून मध्येच उठून जाऊ लागली. मनोहरराव ऑफिसातून रजेवर. रुपरावजींचं धोतर दिवसातून कितीदा वाळत पडायचं ते मी सांगत नाही. पण काळजी कोणालाच नव्हती. मनोहररावांनी ओट्यावर टेकत टेकत मला समजावलं, "पाणी इतकं शुद्ध आहे ना मधुभाऊ, की ते वर्षानुवर्षांची घाण काढून राहिलं. पोट कसं हलकं वाटतं! तुम्हाला नाही कळायचं. तुमच्याकडे अकरा आहेत."

ते बिचारे आत धावले आणि माझ्या डोक्यात कुठेतरी खट् झालं.

शुक्रवारी ऑफिसात गेल्याबरोबर गिरिधरला म्हटलं, "ते रजिस्टर काढ." त्यानं काढलं. माझ्या विहिरीपुढे अकरा. बाकी प्रत्येक विहिरीपुढे चार इंग्रजी अक्षरं: टीएनटीसी.

प्रयोगशाळेची ही जुनी पद्धत आहे. बशीत इतके ठिपके उगवले, की एकमेकांत मिसळून मोजताच येत नाहीत, तेव्हा आकडा लिहीत नाहीत, ही चार अक्षरं लिहितात. अर्थ असा, की मोजण्यापलीकडे. आमच्यातल्या शिपायालाही तो माहीत असतो. कॉम्प्युटरला मात्र मी बजावून ठेवलं होतं, की या रकान्यात फक्त आकडा असेल. आकड्याच्या जागी अक्षरं आल्यावर त्या गरीब यंत्राला त्यांची किंमत करता येईना. त्यानं शून्य धरलं, आणि माझ्याच हुकुमाप्रमाणे शून्याला सगळ्यांत वर नेऊन बसवलं.

मी खुर्चीत बसलो. मग आमच्या ओळीचा नकाशा माझ्या डोळ्यांपुढे आला आणि उरलंसुरलं अवसानही गेलं. सोसायटी बांधताना प्रत्येकानं वास्तुशास्त्र पाळलं होतं. विहीर प्लॉटच्या ईशान्येला, संडासाची टाकी वायव्येला. आपल्या प्लॉटपुरतं अगदी चोख. पण एका ओळीत घरं बांधली की शेजाऱ्याची वायव्य आपल्या ईशान्येला खेटून येते, हे शास्त्रात लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक विहिरीच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याची टाकी होती. फक्त आमचं घर पूर्वेच्या टोकाला, पुढे रस्ता, म्हणून आमची विहीर वाचली. आणि शोभाताईंच्या विहिरीला खेटून कोणाची टाकी होती? आमची.

त्याच शोभाताईंकडे त्या दुपारी हळदीकुंकू होतं. सगळ्या सोसायटीच्या बायका, माझी बायको धरून, त्या विहिरीच्या पाण्याचं पन्हं पिणार होत्या.

मी लुना काढली. डोक्यावर टोपी नाही, रुमाल नाही, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही अशा उन्हात खामल्यापर्यंत ती दामटली. मनोहररावांना अर्थातच घराबाहेर काढलेलं होतं. ते फाटकाशी कडुलिंबाच्या सावलीत पोट धरून बसले होते. ते म्हणाले, "अहो मधुभाऊ, थांबा! आत सगळ्या बायका आहेत!"

"म्हणून तर आलो!" मी म्हणालो. हे वाक्य जसं निघालं तसं निघायला नको होतं.

बैठकीत झोपाळ्यात गौर, भोवती आरास, भिंतीपासून भिंतीपर्यंत जरीच्या साड्या. प्रत्येकीच्या हातात पेला. यमुताईंचा तर रिकामा झालेला. मी उंबऱ्यात उभा राहून ओरडलो, "पिऊ नका! कोणी पिऊ नका! हे पाणी..."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. अत्तर लावत असलेल्या शोभाताई पांढऱ्याफटक पडल्या. मला वाटलं, त्यांना कळलं.

यमुताई म्हणाल्या, "काय रे मधू, जळतोस होय? नंबर पहिला लागला शोभाच्या विहिरीचा म्हणून? आम्ही नाही केलं हो ते. तुझ्याच कॉम्प्युटरनं केलं. तूच सांगायचास ना, तो चुकत नाही म्हणून?"

"यमुताई, तो चुकला..."

"चुकला? तुझे अकरा आले तेव्हा नाही चुकला, आणि आज चुकला होय?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तारा उठली. माझ्या कपाळावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बाई, यांना ऊन लागलं! भर दुपारचे लुनावर आले ना."

नागपुरात ऊन लागलं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. बायका एकदम मोकळ्या झाल्या. कोणी कांदा आणला, कोणी पदरानं वारा घालू लागलं, मला गौरीसमोरच्या पाटावर बसवलं. आणि उन्हावर औषध काय, हे सांगायला नकोच. यमुताईंनी हुकूम सोडला, "पाजा त्याला पन्हं!"

शोभाताईंनी काठोकाठ भरलेला पेला माझ्या ओठांना लावला. मी दात घट्ट मिटून घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांना जे पिऊ नका म्हणून सांगितलं ते माझ्या नाकाखाली वेलचीचा वास सोडत होतं. मी तारेकडे पाहिलं. ती माझ्याकडे रोखून बघत होती.

"प्या म्हणते ना," ती हळूच म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढे ती बशी होती, मोजण्यापलीकडची. पण तारेचे डोळेही होते, आणि ती मला कधी वाईट पाजणार नाही, एवढं मला कुठल्याही बशीपेक्षा पक्कं ठाऊक होतं. मी डोळे मिटले आणि पेला रिकामा केला.

"हं, आता आत चला, जरा पडा," म्हणत दोघींनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"काय तमाशा चालवला होता?" तारा दबक्या आवाजात म्हणाली. "ते पाणी आपल्या विहिरीचं आहे. उकळलेलं. सकाळी मागच्या भिंतीवरून मीच दिलं."

मी शोभाताईंकडे पाहिलं. त्यांनी पदरानं कपाळ टिपलं. "भाऊजी, माझा तर जीवच गेला होता. मला वाटलं तुम्ही सगळ्यांसमोर सांगूनच देता. आता काय सांगू? ओळीतली सगळी पोटं बिघडून राहिली, एक तुमचं घर सोडून. पेपरात काही का लिहिलं असेना, मी म्हटलं, पन्ह्याला पाणी तारावहिनींच्याच घरचं घ्यायचं. अकरा असले तर असू देत, निदान मोजलेले तरी आहेत."

हे मला कोणत्याच क्लासला शिकवलेलं नव्हतं.

शनिवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी एअरकंडिशनरकडे पाहिलं. मग म्हणाले, "यादी मुंबईला गेली आहे. वरच्यांना शून्य आवडलं आहे. आता ते परत मागवायचं म्हणजे दुरुस्तीचा प्रस्ताव, त्याला खुलासा, खुलाशाला चौकशी. आणि चौकशी म्हटली की ही खोली कशासाठी, तेही विचारतील." खोलीचं नाव निघाल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. "तुम्ही प्रोग्राम गुपचूप सुधारा. बाकी तुम्हाला काय हवं ते सांगा."

मी ब्लीचिंग पावडर मागितली. लागेल तेवढी.

तुमची विहीर घाण आहे, असं दारोदार सांगत फिरलो असतो तर एकानंही ऐकलं नसतं, उलट मलाच विहिरीत ढकललं असतं. म्हणून रविवारी मी आणि गिरिधर पावडरीची पाकिटं घेऊन निघालो आणि प्रत्येक दारात जाहीर केलं, की ज्यांचे शून्य जंतू आले त्यांच्या विहिरींना हे सरकारी बक्षीस. मात्र बक्षीस विहिरीत घातल्यावर महिनाभर पाणी उकळूनच प्यायचं, असा नियम आहे. यमुताईंनी पाकिटाला हळदकुंकू लावून घेतलं. रुपरावजींनी स्वतः बादलीत कालवून विहिरीत सोडलं, वाकून वास घेतला आणि खूश झाले. "सरकारी वास येऊन राह्यला! असली माल हाय. तुले नाही भेटलं गा?"

"नाही," मी म्हणालो. "आमचे अकरा आहेत ना."

"पुढच्या वर्षी भेटन. हिंमत नोको हारू."

पोटं दोन दिवसांत जागेवर आली. शुद्ध पाण्याचा कोर्स पूर्ण झाला, असा सोसायटीत निष्कर्ष निघाला. आमची टाकी मी पावसाळ्याच्या आत पश्चिमेच्या भिंतीपासून दूर हलवली. का हलवता म्हणून लोकांनी विचारलं तर वास्तुशास्त्राचं नाव सांगितलं, आणि प्रथमच माझं म्हणणं सगळ्यांना पटलं.

राहता राहिला मंगळवार.

सोमवारी मी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. अक्षरं आली तर सर्वांत मोठा आकडा धर. बटण दाबलं. यादी उलटीपालटी होऊन आली आणि आमची विहीर पहिली, डौलदार, एकटी. मी तो कागद खिशात घालून घरी आलो आणि तारेपुढे धरला. म्हटलं, "उद्या दारावर लावतो. बघू कोण येत नाही ते."

तिनं कागद पूर्ण वाचला, दोनदा वाचला. तिचा चेहरा फुलला, ते मी पाहिलं. मग तिनं कागद घडी करून माझ्याच खिशात परत ठेवला.

"काही नको. शोभाताईंनी उद्याची सोय केली आहे. तुम्ही ओट्यावर बसा आणि मेहेरबानी करून आत येऊ नका."

मंगळवारी दुपारी शोभाताई आपल्या फाटकातून निघाल्या. हातात दोन भरलेल्या बादल्या. मागच्या भिंतीवरून पाच पावलांत आमच्याकडे येता येतं, पण त्या पुढच्या रस्त्यानं, उन्हातून, सगळ्या ओळीला दिसेल अशा आल्या. त्यासाठी आधी उलट्या दिशेनं ओळीच्या मध्यापर्यंत गेल्या आणि यमुताईंच्या दारासमोर मुद्दाम थांबून दम घेतला. "तारावहिनींना पन्ह्याला माझ्या विहिरीचं पाणी देऊन राहिले हो, यमुताई. शेजारधर्म आहे." मग आमच्या मागच्या दारी जाऊन त्यांनी दोन्ही बादल्या जास्वंदीच्या आळ्यात ओतल्या आणि पदर खोचून तारेबरोबर पेले भरायला बसल्या. माठात पाणी आमचंच होतं.

बायका आल्या. एकेक करून सगळ्या आल्या. आमच्या ओट्यापुढे चपलांचा ढीग पडला, आणि तो बघताना मला जे वाटलं ते मोठ्या साहेबांच्या "वंडरफुल"नंही वाटलं नव्हतं. आतून बांगड्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. मग यमुताईंचा आवाज आला.

"घे गं, आणखी अर्धा पेला दे. छान झालंय तारा, मागच्या वर्षीपेक्षा छान. शोभाच्या विहिरीचं पाणी ना, कळतंच!"

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. कागद तिथेच होता. एक पाऊल आत टाकलं असतं तर पंधरवड्याचा सगळा अपमान धुऊन निघाला असता. तेवढ्यात दारातून तारा पन्ह्याचा पेला घेऊन बाहेर आली. तिनं माझा खिशावरचा हात पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पेला पुढे केला.

मी खिशातला हात काढून पेला घेतला. घोट घेतला. आणि आतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वा! शोभाताईंच्या विहिरीचं पाणी, कळतंच!"

तारा तोंडाला पदर लावून आत पळाली. मग परत आली आणि माझा पेला पुन्हा भरून गेली.